पन्हाळा ते पावनखिंड : बांधावरून एकामागे एक चाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ जवळ आला की पन्हाळा–पावनखिंड मोहिमांची पत्रके फिरू लागतात. मोहीम झाली की वर्तमानपत्रांत दोन बातम्या येतात : किती लोक चालले आणि कुठे कोण ओढ्यात अडकले. या दोन बातम्यांच्या मधले पन्नासेक किलोमीटर मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. या वाटेवर गट नेणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे त्या पन्नास किलोमीटरांबद्दल आहे. पत्र लांबले आहे. जागा कमी पडली तर इतिहासाचा भाग कापा, चिखलाचा ठेवा.

आधी वाट. पन्हाळगड उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठार ओलांडले की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, कळकवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी. पुढे धनगरवाडा, म्हसवडे, पांढरेपाणी आणि पावनखिंड. ही नावे या क्रमाने पाठ करून निघावे. धुक्यात गुराख्याला ‘पावनखिंड कुठे?’ विचारले तर तो हात लांब करून मावळत दाखवतो. ‘रिंगेवाडी कुठे?’ विचारले तर पायवाट दाखवतो.

आता तारखेचा घोळ. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याबाहेर पडले ती रात्र १२ जुलै १६६० ची, हे शाळेतले पोरही सांगते. पण ही तारीख त्या काळच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज भिंतीवर असते त्या कॅलेंडरने तो दिवस २२ जुलै होतो. तिथीने जायचे तर आषाढी पौर्णिमा, आणि ती दरवर्षी हलते : २०२५ मध्ये १० जुलैला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २९ जुलैला. मग सगळ्यांनी १२ आणि १३ जुलैच्या आसपासचाच शनिवार-रविवार का धरावा? ज्यांना तिथी पाळायची त्यांनी पौर्णिमा धरावी. बाकीच्यांना जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टअखेर असे जवळजवळ दोन महिने मोकळे आहेत, आणि पावसाळ्यात पहिल्यांदाच चालणाऱ्यांसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यांत बरा. तेव्हा चिखल निम्म्यावर आलेला असतो आणि मसाईवर फुले असतात.

तारीख हलवा असे आम्ही म्हणतो त्यामागे भाताचा हिशेब आहे. जुलैचे हे दिवस पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांत लावणीचे. वाट कितीतरी ठिकाणी खाचरांच्या बांधावरून जाते, कारण दुसरी जागाच नाही. बांध म्हणजे हात-दीड हात रुंदीचा, मातीचा आणि पावसाने आधीच भिजलेला. त्यावरून दहा माणसे एकामागे एक गेली तर काही होत नाही, तो रोजच्या वहिवाटीचाच असतो. चारशे माणसे गेली, तर चिखलातले आखूड पाऊल धरून दर मीटरला आठशे पावले पडतात. मधली माती दबून घळ होते, मागचे लोक घळ टाळायला कडेने चालतात, कड खचते, आणि खाचरातले पाणी त्या खिंडारातून खालच्या खाचरात उतरते. लावणीनंतर रोप धरेपर्यंत दोन-तीन बोटे पाणी उभे राहावे लागते. ते गेले की त्याबरोबर टाकलेले खत जाते, आणि मुळे न धरलेले रोप आडवे होते. तोवर तरव्यातले, म्हणजे रोपांच्या वाफ्यातले, रोप संपलेले असते, त्यामुळे पुन्हा लावायचे म्हटले तर आणायचे कुठून? हे नुकसान बातमीत येत नाही, कारण ते सोमवारी सकाळी दिसते आणि तेव्हा मोहीम घरी पोचलेली असते.

यावर उपाय साधा आहे, पण कुणी पाळत नाही. बांधावर एकामागे एक. चिखल दिसला तरी मधूनच. घोट्यापर्यंत पाय बुडतो म्हणून कडेच्या गवतावरून जाणारा पहिला माणूस पुढच्या सगळ्यांची वाट बिघडवतो. बूट भिजणारच आहेत. पहिल्या तासात भिजू द्यावेत आणि तो विषय संपवावा.

बुटांबद्दल सविस्तर सांगतो, कारण या वाटेवर माणूस हरतो तो पायाने. पाणी आत येऊ न देणारे महागडे जाड बूट इथे उपयोगाचे नाहीत. ओढा गुडघ्यापर्यंत असतो, पाणी वरून आत शिरते आणि मग त्याच कापडामुळे बाहेर पडत नाही. प्रत्येक पायात पाणी घेऊन माणूस दिवसभर चालतो. हवेत ते पातळ, पाणी लगेच गळून जाणारे, खोल दातांच्या रबरी तळाचे बूट, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण दुपारनंतर पाय सुजतो. नवे नकोत, किमान चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेले हवेत. फार जुनेही नकोत. कपाटात तीन-चार वर्षे पडून राहिलेल्या बुटाचा तळ वरून धड दिसतो, आतला डिंक मात्र कोरडा होऊन मेलेला असतो. चार तास पाण्यात भिजला आणि चिखलाने दोनदा ओढला की अख्खा तळ चिखलात राहतो. पायातल्या चपला-बुटांचे असे तळ मसाईच्या उतारावर ठिकठिकाणी पडलेले सापडतात. म्हणून पिशवीत दोन मीटर सुतळी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद चार कडे ठेवावेत. कडे बुटावर आडवे चढवले की तळ मुक्कामापर्यंत टिकतो. सँडल घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की चिखल पट्ट्याखाली वाळूसारखा घासतो, आणि दहा किलोमीटरनंतर तिथे कातडी राहत नाही.

निघण्याआधी दोन दिवस नखे कापा. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आदळतात आणि वाढलेले नख मुळापासून काळे पडते. आदल्या रात्री कापले तर कोपरा दुखरा राहतो, म्हणून दोन दिवस आधी. सकाळी तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचा आणि मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून चोळून लावा. मोज्यांचे तीन जोड घ्या, सुती नकोत. दोन चालायचे, तिसरा फक्त रात्री झोपताना. हा तिसरा जोड काही झाले तरी दिवसा बाहेर काढायचा नाही. दिवसभर पांढरे पडून सुरकुतलेले पाऊल रात्री सात-आठ तास कोरडे राहिले तर सकाळी चालायला तयार होते. नाही राहिले तर दुसऱ्या दिवशी चिखल्या होतात, आणि चिखल्या झालेला माणूस पाय वाकडा टाकतो, मग गुडघा दुखतो, आणि सगळे म्हणतात याचा गुडघाच कच्चा. पायाला चीर किंवा जखम असेल तर ती घेऊन शेताच्या पाण्यातून चालण्याआधी लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. परतल्यावर पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर ‘मी चिखलातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

पाठीवरची पिशवी गावात मुक्काम असेल तर सहा-सात किलोच्या वर जाऊ नये. पिशवीवरच्या पावसाळी टोपीवर विसंबू नये. पाणी पाठीवरून ओघळत पट्ट्यांच्या बाजूने आत जाते. खताच्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते, ती दोनदा धुऊन पिशवीच्या आत घालावी, सगळे सामान तिच्यात भरून तोंड पिळून दुमडून बांधावे. यापेक्षा भरवशाचे काही बाजारात मिळत नाही. अंगावर जीन्स नको. भिजली की दोन किलो वजन आणि मांड्यांना रेघोट्या. पावसासाठी दोन तुकड्यांचा रेनकोट. पोंचो झाडीत चालतो, पण मसाईवर वाऱ्याने डोक्यावर येतो आणि पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. छत्रीचे तर बोलायलाच नको. आपले जुने घोंगडे भिजून जड होते हे खरे, पण भिजल्यावरही ऊब देते, म्हणून गुराखी अजून तेच पांघरतात. शहरातून आलेल्याने मात्र ते पाठीवर वाहण्याच्या भानगडीत पडू नये.

मसाई पठाराला लोक सोपे समजतात, कारण ते सपाट आहे. तिथे चढ नाही, उतार नाही, झाड नाही, आडोसा नाही. सगळा जांभा. जुलैमध्ये धुके असे बसते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठारावर गाड्यांच्या चाकांच्या, गुरांच्या, पर्यटकांच्या पायवाटा इतक्या आहेत की सगळ्याच खऱ्या वाटतात. पठाराची कड अचानक येते. इथे गटाने तुटू नये हा एकच नियम. पुढे वाट ठाऊक असलेला, मागे शेवटचा ठरलेला, मध्ये प्रत्येकाला आपल्या मागचा माणूस दिसला पाहिजे. मागचा दिसेनासा झाला तर पुढच्याने थांबायचे. हाकेवर विसंबू नये, वाऱ्यात हाक उलट्या दिशेने आल्यासारखी वाटते. शिट्टी वापरावी : एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मदत. वाट चुकल्याची शंका आली की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचे. ‘पुढे मिळेलच’ म्हणत चालणे इथे महागात पडते. काळपट, गुळगुळीत दिसणाऱ्या जांभ्यावर शेवाळ असते. त्यावर टाच टेकवू नये, पूर्ण तळवा ठेवावा. आणि पठारावर गाडी घालू नये, हे मोहिमेच्या जेवणाच्या टेम्पोलाही लागू आहे. त्या पातळ मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवे यांच्यासारख्या इवल्या वनस्पती उगवतात, आणि एका चाकोरीची जखम पुढच्या पावसाळ्यांतही भरत नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण अंधारात अडकलेल्या बहुतेक गटांचे चुकते ते इथेच. बहुतेक मोहिमा पहिल्या दिवशी करपेवाडी किंवा आंबेवाडी गाठतात, म्हणजे पंचविसेक किलोमीटर. चिखलात सरासरी वेग ताशी तीन किलोमीटर धरा, म्हणजे नुसते चालणे सव्वाआठ तास. खाणे, थांबणे दोन तास. झाले सव्वादहा. आता ओढे. मोठा गट चाळीस जणांचा असेल आणि एक माणूस ओलांडायला अर्धा मिनिट लागत असेल, तर एका ओढ्याला वीस मिनिटे. लहान-मोठे दहा ओढे धरले तर तीन तास वीस मिनिटे. एकूण साडेतेराच्या वर. सकाळी सातला निघालेला गट मुक्कामी पोचतो रात्री साडेआठनंतर, आणि सूर्य सव्वासातच्या आत मावळलेला असतो, धुक्यात अंधार त्याआधीच. बारा जणांच्या गटाला त्याच ओढ्यांवर एक तास पुरतो. वाट तीच, पाय तेच, दोन तास वीस मिनिटांचा फरक नुसत्या डोक्यांच्या संख्येचा. तीनशे-चारशेच्या तुकड्या सोडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

आमचे मत स्पष्ट आहे : ही वाट दोन दिवसांची नाही, तीन दिवसांची आहे. पहिला मुक्काम खोतवाडीच्या आसपास, दुसरा माळेवाडी-पाटेवाडीकडे, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पावनखिंड. सोमवारी कामावर जायचे म्हणून दोन दिवसांत कोंबलेली मोहीम दुसऱ्या दिवशी दुपारी लंगडू लागते, आणि लंगडणारी माणसे पांढऱ्यापाण्याच्या अलीकडच्या जंगलात संध्याकाळी पोचतात. महाराज एका रात्रीत आणि दिवसात गेले, मग आपल्याला काय झाले, असे म्हणणारे भेटतात. बरोबर बांदल मावळे होते आणि रोजची चाल होती, एवढे त्यांना सांगावे. काही मंडळी हौसेने रात्री चालतात. पौर्णिमा असली तरी आषाढात चंद्र ढगांच्या वर असतो.

ओढ्यांचे शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ हवे. पाणी गढूळ लाल असेल, आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल किंवा काठावरची काडी बघता बघता बुडत असेल, तर थांबायचे. या ओढ्यांची वरची पाणलोटाची जागा लहान असते. पावसात ते जसे तासाभरात फुगतात तसे उघडीप मिळाल्यावर तास-दोन तासांत उतरतातही. म्हणून ‘थांबणे’ हाच इथला सगळ्यात चांगला उपाय, आणि तोच कुणाला सुचत नाही. ओलांडायचेच तर गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी नको. जागा रुंद आणि उथळ निवडा, अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचे असते. खालच्या बाजूला धबधबा, कडा किंवा आडवे पडलेले झाड नको. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येते. बूट काढू नका. तोंड प्रवाहाकडे, पाच फुटांची बांबूची काठी पुढे टेकवून आधी काठी, मग पाय, एका वेळी एकच हलवा. तिघांनी एकमेकांचे खांदे घट्ट धरून, सगळ्यात भक्कम माणूस वरच्या अंगाला ठेवून गेलेले चांगले. दहा-पंधरा जणांची हातात हात घालून केलेली लांब साखळी फोटोत छान दिसते, पण मधला एक घसरला की सगळे ओढले जातात. आणि दोरी. शिकलेल्या माणसाशिवाय दोरी बाहेर काढू नये. अंगाला तर कधीच बांधू नये. पाण्यात पडलेला माणूस दोरीने अडकला की प्रवाह त्याला खाली दाबून धरतो.

पाटेवाडी सोडली की वस्ती विरळ होते आणि झाडी दाट. इथे खरी वाटाड्याची गरज. लाकूडफाट्याच्या, गुरांच्या वाटा मूळ वाटेपेक्षा ठळक असतात. मोबाईलमध्ये नकाशा उतरवून घेतला तरी ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, त्यामुळे कागदावरचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात असावा. फोन विमान-मोडवर, पिशवीत कोरडा. गावातला माणूस बरोबर घ्या, त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि परतीच्या प्रवासाचे पैसे वेगळे द्या, कारण तो त्याच वाटेने उलटा चालत जाणार असतो. जळवा असतात. मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधून लावली की सुटतात, नखाने बाजूला सरकवली तरी चालते. नंतर रक्त बराच वेळ वाहते, कारण जळू रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. स्वच्छ कापड दाबून धरावे, घाबरू नये. गवा दिसला तर थांबा, त्याला जायला जागा द्या, आरडाओरडा आणि टॉर्चचा झोत नको. सर्पदंश झाला तर चिरा, आवळपट्टी, मंत्र यांत वेळ घालवू नये. तो अवयव काठी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचे नाही, उचलून जवळच्या डांबरी रस्त्याला आणायचे आणि १०८ ला फोन करायचा. मलकापूर किंवा कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय, दोन्हीकडे जाणारा रस्ता गाठेपर्यंत जो वेळ जातो तोच खरा धोका. म्हणून प्रत्येक टप्प्यावर ‘इथून जवळचा गाडीरस्ता कुठे’ हे गटप्रमुखाला सांगता आले पाहिजे. नाही आले तर तो गटप्रमुख नव्हे.

खाण्याचे सोपे आहे. दिवसभर चालताना तोंडात टाकायला माणशी दोनशे-अडीचशे ग्रॅम कोरडे : शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, भडंग. दुपारी दशमी किंवा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पावसात तहान लागत नाही आणि माणूस पाणीच पीत नाही, मग तीनच्या सुमाराला पोटऱ्यांत गोळे येतात. दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, त्यातले एक लिटर ओआरएसचे. एक पाकीट एका लिटरलाच, जास्त दाट करू नये. वाहते पाणी स्वच्छ असते ही समजूत इथे खोटी, कारण ते वरच्या खाचरातून, खत आणि शेण घेऊन आलेले असते. गावातल्या नळाचे किंवा विहिरीचे भरून घ्यावे. ओढ्याचे घ्यावेच लागले तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळावे, मग क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात थेंब टाकले तर क्लोरीन गाळातच खर्ची पडते.

मुक्कामाचा प्रश्न तारखेइतकाच नाजूक आहे. पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी. तिथे एका रात्रीत पाचशे माणसे उतरली तर संडास कुठले, सुकी लाकडे कुठली? गट बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरतात आणि सोमवारी पोरे येऊन चिखल पुसतात. शाळा वापरायची तर मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत दोघांची आधी लेखी परवानगी, निघताना फरशी धुऊन देणे, आणि शाळेला देणगी. पावती मागायला लाजू नये. जेवण गावातल्या घरी सांगावे. कोल्हापुरातून टेम्पो भरून आचारी आणि पत्रावळ्या आणण्यापेक्षा त्या भाकरीचे पैसे त्या वाडीत राहिलेले बरे. शौचाला जाणाऱ्याने पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून बुजवावा. ओले सुगंधी रुमाल कागदाचे नसतात, कुजत नाहीत, ते आणूच नयेत. आपला कचरा आपल्या पिशवीत, थेट शहरापर्यंत. वाडीत घंटागाडी येत नाही, तिथे ठेवलेला कचरा ओढ्यातच जातो.

पन्हाळगड ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे. त्या यादीत विशाळगड नाही, आणि दोन गडांमधली वाट तर नाहीच. ही वाट दोन तालुके, कितीतरी ग्रामपंचायती, वनखाते, जिल्हा परिषदेचे रस्ते आणि शेकडो खातेदारांची शेते यांतून जाते, त्यामुळे तिचा धनी कुणीच नाही. वाट ‘विकसित’ करायची म्हटले की अंगावर काटा येतो, कारण त्याचा अर्थ आपल्याकडे डांबर किंवा काँक्रीट असाच होतो. डांबर आत्ताच बऱ्याच टप्प्यांवर आले आहे. वाडीला रस्ता हवाच, त्याला कुणाची ना नाही. पण जिथे गाडीची गरज नाही आणि काही ठिकाणी जुनी दगडी फरसबंदी अजून दिसते, तिथे नुसती पायवाट राहू द्यावी. आणि पावसात शेवाळलेले काँक्रीट चिखलापेक्षा जास्त पाडते, हे कंत्राटदाराला कुणीतरी सांगायला हवे.

जिल्हा प्रशासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ऑइलपेंटचे बाण दोन पावसाळ्यांत उडतात आणि जो येतो तो नवे रंगवतो, त्यामुळे एकाच खडकावर दोन दिशांचे बाण सापडतात. त्याऐवजी दर किलोमीटरला जांभ्याचा कमरेएवढा दगड रोवावा, त्यावर कोरलेला क्रमांक, पुढच्या वाडीचे नाव आणि जवळच्या गाडीरस्त्याची दिशा. अपघात झाल्यावर ११२ ला फोन करणाऱ्याला ‘दगड क्रमांक एकतीस’ एवढे सांगता आले तरी मदत निम्म्या वेळात पोचेल. जे तीन-चार ओढे दरवर्षी अडवतात त्यांवर साधे लोखंडी साकव टाकावेत. गट जास्तीत जास्त चाळीसचा, दोन गटांत किमान अर्ध्या तासाचे अंतर आणि दिवसाला ठरलेलीच संख्या, अशी नोंदणी पन्हाळ्यावर व्हावी. नोंदणीचे शुल्क घ्यावे आणि ते वाटेवरच्या ग्रामपंचायतींत बांधदुरुस्तीसाठी वाटावे. मोहिमेच्या दिवसांत शाळांशेजारी फिरते संडास ठेवावेत. यातल्या एकाही गोष्टीला नव्या कायद्याची गरज नाही.

शेवटी खिंडीबद्दल. पावनखिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. कासारीच्या उगमाकडचे पाणी तिथून वाहते, आणि जुलैत ते वाहणे म्हणजे कोसळणे असते. जिन्यावर एका वेळी मोजकी माणसे सोडावीत, उतरणारी आणि चढणारी एकदम नकोत, पायऱ्यांवर तोंड जिन्याकडे ठेवून उतरावे. पाण्यात उतरू नये. फोटोसाठी तर नाहीच. खिंडीपासून विशाळगड आणखी दहा-बारा किलोमीटर, भाततळी-गजापूरमार्गे, बराचसा डांबरी रस्त्याने. बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाध्या गडावर आहेत, त्यामुळे तिथे गेल्याशिवाय वाट पुरी झाली असे अनेकांना वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. मात्र जुलै २०२४ मधल्या घटनांनंतर गडावर वेळोवेळी जमावबंदी आणि प्रवेशाचे निर्बंध आले आहेत, तेव्हा निघण्याआधी शाहूवाडी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. परतीची एसटी आंबा गावाहून किंवा मलकापूरहून मिळते. चिखलाचे बूट बसमध्ये चढण्याआधी काढून पोत्यात घाला, वाहकही माणूसच आहे.

आपले,
पन्हाळा–पावनखिंड वाटेवर गट नेणारे काही वाटाडे
कोल्हापूर